मेगा-गार्गंट: राक्षस नॉटिंगहॅमचा, कातडी कोळीवाड्याची

साडेनऊ हजार रुपयांचं प्लास्टिक डोक्यावरच्या रॅकवर ठेवून मी ठाण्याहून दादरला उभा आलो आणि अख्खा वेळ एकच भीती, की कुणीतरी त्याच्यावर आपली लॅपटॉपची बॅग आपटणार. बॉक्स मोठा आहे, साड्यांचे असतात ना तसा. समोरचे काका म्हणाले मिक्सर का, मी म्हटलं हो. आता काय सांगणार त्यांना, की हा राक्षस आहे, सुटे भाग आहेत, घरी जाऊन जोडायचाय आणि मग पाच महिने रंगवायचाय.

तर हा इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा मेगा-गार्गंट. एज ऑफ सिगमार नावाचा जो त्यांचा फँटसी युद्धाचा खेळ आहे, २०१५ साली आला तो, त्यातली सन्स ऑफ बेहेमाट नावाची फौज म्हणजे नुसते राक्षस. हे किट ऑक्टोबर २०२० मध्ये आलं. बाकीच्या बऱ्याच फौजांना चाळीस-पन्नास, कधी शंभर सैनिक रंगवावे लागतात, यांची दोन हजार पॉइंटची, म्हणजे नेहमीच्या पूर्ण खेळाएवढी फौज चार मोठ्या राक्षसांत होऊन जाते, म्हणजे आमच्या सोसायटीच्या मीटिंगला येतात तेवढीच डोकी. मला मुळात हेच आवडलं. मी आळशी आहे, चाळीस सारखे सैनिक रंगवणं म्हणजे चाळीस वेळा तोच बूट रंगवणं, ते आपल्याच्याने होत नाही. एक मोठं धूड घ्यायचं आणि त्यालाच काय ते करत बसायचं.

मी सेकंडहँड घेतलं, पण सीलबंद. एक मुलगा शिकायला टोरंटोला चालला होता आणि त्याच्या आईने कपाट रिकामं कर म्हणून फर्मान काढलं होतं. नव्याचा भाव यापेक्षा बराच जास्त पडतो आणि बाहेरून मागवलं तर कस्टमचं वेगळं, त्यामुळे आधीच सांगतो, घाई नसेल तर असा कुणीतरी परदेशी जाणारा शोधा. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये भरपूर जातात.

बॉक्स उघडल्यावर पहिलं काय जाणवतं तर ते करडं प्लास्टिक. पॉलिस्टायरिन आहे, कडक पण ठिसूळ नाही, आणि त्यावरचं कोरीव काम बघून मी थोडा वेळ नुसता बसलोच. पोटाच्या वळ्या, गुडघ्यावरची सुरकुतलेली कातडी, नखं, टाचेच्या भेगा. हो, भेगा! आपल्या घरी आजीच्या पायाला असायच्या तशा. ज्या कुणी हा बनवला त्याने भरपूर अनवाणी पाय बघितलेत. सूचनांचं पुस्तक चित्रांचं आहे, एक शब्द वाचावा लागत नाही. एकाच बॉक्समधून तीन वेगवेगळे राक्षस होतात, म्हणजे तीनातला एक. गेटब्रेकर तटबंदी फोडणारा, वॉरस्टॉम्पर सैन्य तुडवणारा, आणि क्रॅकन-ईटर समुद्रात फिरून गलबतं फोडणारा. मी माहीमला राहतो. मी तिसरा सोडून दुसरा कुठला करणार.

तर कापाकापी. सुटे भाग ज्या चौकटीला धरून असतात त्याला स्प्रू म्हणतात, त्यातून ते निपरने कापायचे. खास मॉडेलवाल्यांचे निपर महाग मिळतात, मी लॅमिंग्टन रोडवरून इलेक्ट्रॉनिक्सवाले वायर कापायला वापरतात तो फ्लश कटर आणला, दीडशे रुपयांत काम झालं. फक्त भागाला अगदी चिकटून कापू नका, थोडं देठ ठेवा आणि मग ते ब्लेडने हळूहळू काढा, नाहीतर प्लास्टिकवर पांढरा ओरखडा येतो आणि कधी कधी खड्डाच पडतो. त्यानंतर मोल्ड लाइन. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे बारीक रेघ उठते, ती ब्लेडच्या उलट्या बाजूने खरवडायची. छोट्या सैनिकावर एखादी राहिली तर कुणाच्या बापाला कळत नाही. इथे पिंडरी म्हणजे माझ्या अंगठ्याएवढी, त्यावर रेघ राहिली तर रंग दिल्यावर ऑपरेशनचे टाके दिसतात तशी दिसते. मी दोन रात्री नुसता खरवडत होतो. बायको म्हणाली नारळ खवतोयस का.

गोंदाचं आता नीट सांगतो, कारण आपल्याकडे सगळे पहिली चूक इथेच करतात. फेविक्विक उचलतात. फेविक्विक वाईट नाही, धातूला, रेझिनला तेच लागतं, पण या प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंट हवं. ते चिकटवत नाही, ते दोन्ही बाजूंचं प्लास्टिक थोडंसं विरघळवतं आणि मग दोन भाग एकच होऊन बसतात, वेल्डिंगसारखं. मी टामियाचं एक्स्ट्रा थिन वापरतो, हिरव्या झाकणाची बाटली येते, झाकणालाच ब्रश असतो. दोन भाग कोरडेच एकमेकांना लावून धरायचे आणि सांध्यावर ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं, पाण्यात बुडवलेल्या बिस्किटासारखं सिमेंट आपोआप फटीत ओढलं जातं. मग हलकं दाबायचं, फटीतून विरघळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणी बाहेर आला की समजा सांधा भरला. दुसऱ्या दिवशी तो मणी घासून टाकला की सांधा गायब. खिडकी उघडी ठेवून करा हे सगळं, वास डोक्यात जातो.

आणि घाई करू नका, मी केली. मांडीचे दोन भाग जुळवताना फोन आला, एका हाताने फोन, एका हाताने मांडी, व्हायचं तेच झालं, मागच्या बाजूला केसाएवढी फट राहिली. किटचा काही दोष नाही, आधी कोरडं जोडून बघितलं होतं तेव्हा छान बसत होतं. अशी फट भरायला बाहेरचे लोक ग्रीन स्टफ नावाची पुट्टी वापरतात. मी प्लंबरची एम-सील वापरली. हसू नका. दोन कांड्या समान घेऊन मळायच्या, बोट पाण्यात बुडवून फटीवर सारवायचं आणि सुकलं की पॉलिश पेपरने घासायचं. ग्रीन स्टफ सुकल्यावरही थोडं रबरासारखं राहतं आणि घासलं जात नाही, एम-सील दगडासारखी होते आणि मस्त घासली जाते, त्यामुळे अशा सपाट फटींना उलट तीच बरी. बारीक नक्षी कोरायची असेल तेव्हा मात्र ग्रीन स्टफच, एम-सीलचा दाणा जाडा असतो.

आता मोठ्या मॉडेलचा खरा प्रश्न. छोटा सैनिक पूर्ण जोडून मग रंगवता येतो. हा पूर्ण जोडला की हाताच्या मागची छाती, दाढीखालचा गळा, काखा, इथे ब्रश पोचतच नाही. मग तुकड्यांत रंगवायचं, त्याला सबअसेंब्ली म्हणतात. पण पुस्तकातली चित्रं जोडायच्या क्रमाने असतात, रंगवायच्या क्रमाने नाही, म्हणून ब्लेड हातात घ्यायच्या आधी एक संध्याकाळ चहा घेऊन नुसतं पुस्तक बघत बसा आणि कुठे थांबायचं ते पेन्सिलने लिहून ठेवा. मी धड आणि पाय एक, डोकं वेगळं, दोन्ही हात वेगळे आणि खालची बैठक वेगळी, असे पाच तुकडे ठेवले. डोकं आणि हात औषधाच्या रिकाम्या बाटल्यांवर ब्लू-टॅकने, म्हणजे चिकटवून परत काढता येतो त्या मऊ गोळ्याने, चिकटवून रंगवले. किचनच्या ओट्यावर मिरचीच्या लोणच्याशेजारी एक मुंडकं बाटलीवर बसलेलं आईला सकाळी सहाला दिसलं, त्यावर जे काही बोलली ते इथे नको.

खांद्यात मी लोहचुंबक घातले, ५ बाय २ मिलिमीटरचे, म्हणजे हात काढता-घालता येतील. हौस. छोट्या हँड ड्रिलने खड्डा केला, चुंबक फेविक्विकने बसवले, आणि एका खांद्यात उलटं बसवलं, मग तो हात जवळ नेला की खांदा त्याला ढकलून द्यायचा. राक्षसाला स्वतःचाच हात नको. परत उकरून काढलं. चुंबक घालणार असाल तर मार्करने बाजू रंगवून ठेवा, मला वाटलं होतं लक्षात राहील.

प्रायमरचं प्रकरण जून महिन्यातलं आणि इथे मी मुंबईकर असून माती खाल्ली. प्रायमर म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, तो नसेल तर अ‍ॅक्रेलिक रंग प्लास्टिकवर टिकत नाही, नखाने निघतो. मोठं मॉडेल म्हणून स्प्रे कॅन घेतला, जवळच्या एका हार्डवेअरवाल्याकडून, मॅट ब्लॅक, आणि गच्चीवर गेलो. पाऊस नव्हता हो, पण हवेत पाणी होतंच, शर्ट अंगाला चिकटत होता. दमट हवेत आणि जरा लांबून मारलं की स्प्रेचे थेंब पोचता पोचता अर्धवट सुकतात, ओलाव्यानेही बिघडतात, आणि पृष्ठभागावर रवा पेरल्यासारखं होतं. माझ्या राक्षसाच्या डाव्या मांडीला इडलीच्या पिठाचा पोत आला. कडक टूथब्रश आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून तीन दिवस घासलं, बऱ्यापैकी निघालं, अगदी आत वळीत थोडं राहिलं ते मी आता त्वचारोग म्हणून खपवतो. नंतर व्हलेहोचं बाटलीतलं सरफेस प्रायमर आणलं आणि सरळ ब्रशने दोन पातळ हात दिले. ब्रशचे फराटे दिसतील अशी भीती होती, पण ते सुकताना आवळून बसतं आणि सपाट होतं. जून ते सप्टेंबर मुंबईत स्प्रे कॅनला हात लावू नका, एवढं माझं ऐका.

काळ्या अस्तरावर मी हस्तिदंती रंगाचा ड्रायब्रश केला. म्हणजे ब्रशवर रंग घ्यायचा, कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि मग मॉडेलवर फिरवायचा, उंचवट्यांना तेवढा लागतो, खाचा काळ्या राहतात. यासाठी मेकअपचा पावडर लावायचा गुबगुबीत ब्रश सगळ्यात भारी. बायकोने लेडीज डब्यातून पन्नास रुपयांत दोन आणून दिले. हॉबीवाल्यांचा स्पेशल ड्रायब्रश याच्या दहापट किमतीचा असतो आणि खरं सांगतो, मला फरक कळला नाही.

आता कातडी, आणि हा सगळा उपद्व्याप मी ज्याच्यासाठी लिहितोय ते हे. या राक्षसाचं निम्म्याहून जास्त अंग उघडं आहे. म्हणजे तुम्ही चिलखत, कापड, सोनं काही म्हणा, हे मॉडेल म्हणजे कातडी रंगवायची परीक्षा आहे. आणि बॉक्सवरचं चित्र बघा, ट्युटोरियल बघा, सगळीकडे गुलाबी. कॅडियन फ्लेशटोन, वर किस्लेव्ह फ्लेश, मधे रेकलँडचा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग. सिटाडेल म्हणजे गेम्स वर्कशॉपचाच ब्रँड, त्याचे हे रंग छानच आहेत, बरोबर आहे त्यांच्या जागी, नॉटिंगहॅमला ऊन कुठे पडतं. मी पण आधी डाव्या हातावर तसंच केलं होतं. हात रंगवून झाला, बघितला, आणि कळेना काय चुकतंय. मग कळलं, हा समुद्रात राहणारा माणूस आहे, आयुष्यभर उघड्या अंगाने उन्हात, आणि याचा रंग एअर कंडिशनमध्ये बसणाऱ्या बँक मॅनेजरचा.

आमच्याकडे मासे घेऊन येणारी मावशी वरळी कोळीवाड्यातली आहे. वीसेक वर्षं येतेय, मला हाफ पँटमध्ये बघितलंय तिने. दारात टोपली उतरवली, माझ्या हातात तो गुलाबी हात बघितला आणि म्हणाली, "ह्याला कावीळ झालीय का रे?" मी म्हटलं मावशी हा दर्यातला राक्षस आहे. तर तिने तो हात घेतला, उलटसुलट केला, म्हणाली, "दर्यावरचा मानूस असा नसतो बाबा. खांदा-पाठ काली पडते, पोट नाय पडत. आनि हाताचे तळवे बघ, मिठानं पांढरे होतात." आणि स्वतःचा तळवा दाखवला. मग अर्धा किलो बांगडे देऊन गेली.

ती गेल्यावर मी बसलो तर मोठी पंचाईत. मिनिएचर रंगवण्याचा पहिला नियम काय, उजेड वरून पडतो, म्हणून खांदे, डोक्याचा माथा, नाक हे सगळ्यात उजळ आणि पोटाखाली, काखेत गडद. मावशीचं म्हणणं बरोबर उलटं, जिथे ऊन पडतं तिथेच कातडी काळवंडते. दोन्ही खरं आहे. दोन-तीन दिवस डोकं खाजवलं, लोकलमध्ये पुढच्याच्या मानेकडे बघत उभा राहायचो, एकदा एकाने विचारलं पण काय आहे. मग उत्तर तिथेच सापडलं, घामेजलेल्या सावळ्या कातडीवर उजेड पसरत नाही, तो एका जागी चमकतो. गोऱ्या कातडीवर खांद्याचा अख्खा गोल फिकट होतो, सावळ्यावर खांदा गडदच राहतो आणि त्यावर एक छोटी, धारदार चमक असते. म्हणजे खांद्याचा मूळ रंगच गडद घ्यायचा आणि हायलाइट लहान आणि कडक ठेवायचा.

मग परत सगळ्यावर काळाच थर दिला आणि पहिल्यापासून सुरू. मोठ्या भागासाठी कॅमलच्या ट्यूब वापरल्या, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर, कारण एवढ्या मोठ्या अंगाला १२ मिलिलिटरच्या सिटाडेलच्या डब्या वापरायच्या तर दिवाळं निघेल. पोटाला सिएना जास्त, पाठीला अंबर जास्त. थर इतके पातळ की साय काढलेल्या दुधासारखे, खालचा ड्रायब्रश दिसत राहायला हवा, एक थर सुकला की दुसरा, पोटाला मला वाटतं नऊ थर बसले. सावलीत काळा घालायचा नाही, काळ्याने चिखल होतो, मी जांभळा आणि गडद निळा अगदी थेंबभर अंबरमध्ये मिसळला, काखेत, पोटाच्या वळीखाली, गुडघ्यामागे. आणि हायलाइटमध्ये पांढरा घालायचा नाही, ही तर सगळ्यात मोठी चूक, सावळ्या रंगात पांढरा घातला की कातडी राख फासल्यासारखी दिसते. ऑकर घालायचा, अगदी वरच्या टोकाला ऑकरमध्ये जरासा हस्तिदंती, बस. नाकाचा शेंडा, कान, बोटांचे सांधे, गुडघे, इथे विटकरी लालसर एक पातळ हात. तळवे आणि तळपाय फिकट गुलाबीसर तपकिरी, आणि तळव्यांच्या रेषा उलट गडद, स्वतःचा हात समोर ठेवून बघा, असंच आहे. टाचेच्या भेगांत आधी गडद तपकिरी वॉश आणि कडांना करडा-पांढरा, तिथे मात्र पांढरा चालतो, तिथे कातडी खरंच मेलेली असते.

एवढं करून झालं आणि तो माणूस झाला. गुलाबी असताना तो प्लास्टिकचा होता, आता ससून डॉकवर दिसेल असा झाला, फक्त चार मजले उंच.

पुढचं मग थांबवताच येईना. लंगोटाच्या कापडाला मी कोळ्यांच्या रुमालाच्या चौकड्या काढल्या, लाल जमीन, त्यावर गडद किरमिजी आडव्या-उभ्या पट्ट्या आणि मधे केसासारख्या पांढऱ्या रेघा. कापडाला चुण्या आहेत, रेघ चुणीत शिरली की वाकली पाहिजे नाहीतर कागद चिकटवल्यासारखं दिसतं, त्यात दोन संध्याकाळी आणि एक डबल झिरोचा ब्रश गेला. कानात पितळी तारेची बाळी घातली. दंडावर गोंदण म्हणून एकविरा लिहायचा विचार होता, मावशीने पुढच्या फेरीला सरळ नाही म्हटलं, "देवीचं नाव नको घालूस ह्याच्या अंगावर, ह्यो आंघोल तरी करतो का?" मग साधा नांगर काढला.

मासे तर मी वरून घातले, म्हणजे बैठकीवर. याची बैठक १३० मिलिमीटरची गोल आहे, बशीएवढी, आणि ती नुसती मातीची ठेवणं म्हणजे जागा वाया घालवणं. ग्रीन स्टफचे बोंबील, दोन पापलेटं आणि एक सुरमई वळली, औषधाच्या दुकानातल्या गॉजचं जाळं केलं, पातळ फेविकॉलमध्ये भिजवून त्याच्या पायाखाली चोळामोळा करून टाकलं. रंगवून मावशीला दाखवले. तिने राक्षसाकडे बघितलंच नाही, थेट मासे बघितले. "सुरमईचे कल्ले काले केलेस. असा मासा मी मांजराला नाय घालनार." ताज्या माशाचे कल्ले लालभडक असतात हे मला चांगलं माहितीये, रोज बघून घेतो, आणि तरी मी सवयीने खाचेत काळा वॉश सोडला होता. परत लाल केले, त्यावर ग्लॉस वार्निशचा थेंब दिला, ओले दिसतात. पापलेटाला तिने पास केलं. बोंबील बघून म्हणाली हा सुका की ओला, मी म्हटलं ओला, म्हणाली मग एवढा ताठ कसा उभा. तो वाकवता येईना, सुकला होता, तसाच आहे.

वाळू माहीमच्या किनाऱ्याची, पण गोड्या पाण्यात तीनदा धुऊन, तव्यावर भाजून. न धुता लावली तर मीठ ओलावा धरतं आणि मग रंग फुगतो. फेविकॉलमध्ये पाणी घालून बैठकीवर पसरायचं, वाळू पेरायची, सुकली की वरून परत पातळ फेविकॉल. पाण्यासाठी दोन बाटल्यांचं क्लिअर रेझिन घेतलं होतं ऑनलाइन, ब्रँड राहू दे, क्रिस्टल क्लिअर लिहिलेलं आणि महिन्याभरात पिवळट पडलं. चिडलो होतो आधी, मग खिडकीतून खाडीकडे बघितलं आणि म्हटलं रंग अगदी करेक्ट आलाय.

वार्निशसाठी ऑक्टोबरची वाट बघितली. मॅट वार्निश पण दमट हवेत पांढरी बुरशी आल्यासारखी धुरकटते आणि पाच महिन्यांची मेहनत एका मिनिटात धुक्यात जाते, अशा कहाण्या भरपूर ऐकल्यात. ऑक्टोबर हीटला आयुष्यात पहिल्यांदा मी आनंदाने सामोरा गेलो. दुपारी दोन वाजता गच्चीवर, कडकडीत कोरडं ऊन, दोन हलके हात, झालं. मग डोळे, ओठ आणि खांद्यावरच्या त्या चमकेवर ब्रशने थोडी चमक ठेवणारं सॅटिन वार्निश वरून दिलं, नाहीतर मॅटने घामच पुसून टाकला होता.

पैशाचं बोलायचं तर बॉक्स साडेनऊ, आणि रंग, ब्रश, प्रायमर, पुट्टी, रेझिन, पॉलिश पेपर मिळून साडेतीन हजार अजून गेले, त्यातलं निम्मं पुढच्या कामाला उरलंय. तास मी लिहून ठेवले होते, सत्तरच्या वर गेल्यावर लिहिणं सोडलं. म्हणजे तासाला दीड-पावणेदोनशे रुपये, मल्टिप्लेक्सपेक्षा स्वस्त, आणि पॉपकॉर्नचे वेगळे नाहीत. पहिलंच मॉडेल म्हणून हे घेऊ नका मात्र. जोडायला अवघड नाही, उलट मोठे भाग हातात छान येतात, पण सपाट उघडी कातडी चुका लपवू देत नाही आणि नवीन माणूस पोटाच्या तिसऱ्या थरालाच कंटाळून बॉक्स कपाटात टाकेल, मग त्याची आई कपाट रिकामं कर म्हणेल. आधी चार-पाच छोटे रंगवा, पातळ रंग हाताला कळू दे, मग या.

आणि जागेचा विचार करा. खेळायला म्हणून घेतला तर आमचं डी अँड डीचं, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या गोष्ट रचत खेळायच्या खेळाचं टेबल म्हणजे फोल्डिंगचं डायनिंग टेबल, एक इंचाच्या चौकोनांचा नकाशा, त्यावर नियमाने सगळ्यात मोठ्या वर्गातला प्राणी चार बाय चार चौकोनांपासून सुरू होतो आणि हा पाच इंच व्यापतो. पहिल्याच सेशनला याला नकाशावर ठेवला तर पूल झाकला गेला, मग मित्र म्हणाला असू दे, पुलावर हाच बसलाय समज. घरी तो सध्या फ्रिजवर आहे, काचेचं कपाट बघतोय पण वीतभर उंचीचा कप्पा कुठे मिळत नाही, सगळीकडे कप्प्यांची उंची ग्लासांसाठी असते. कामवाल्या ताई फडक्याने झटकतात त्याला, दोनदा जाळं उडालंय.

दुसरा घेणार का, तर हो, वॉरस्टॉम्पर, पण मार्चनंतर, प्रायमर पावसाआधी आटपायचा म्हणून. या बॉक्समधली उरलेली डोकी आणि हातातली शस्त्रं डब्यात भरून ठेवलीत, कुणी कन्व्हर्जन, म्हणजे इकडचे तिकडचे भाग जोडून वेगळंच मॉडेल करत असेल तर माहीमला येऊन घेऊन जा, पैसे नकोत. बदल्यात कुणाकडे पाच इंचाच्या वर रुंद आणि वीतभराच्या वर उंच काच-डबा पडून असेल तर बघा. आणि सकाळी दहाच्या आत आलात तर मावशी भेटेल, तुमचं मॉडेल बरोबर आणलंत तर तेही बघेल ती, फक्त मनाची तयारी करून या.